सखूचा नंबर

"आजी, हा नंबर ज्यांचा आहे त्या तर वारल्यात," टेबलापलीकडची मुलगी म्हणाली, आणि सखुबाईच्या मनात आधी भीती आलीच नाही. आलं ते एवढंच, की चला, शेवटी कोणीतरी विचारलं. भीती आली ती एका श्वासानंतर, आणि तीही पोलिसांची नव्हती. तिनं वळून दाराकडे पाहिलं. तिचा मुलगा हितेश बाहेर पायरीवर उभा राहून फोनवर बोलत होता. त्याचा एक ट्रक वडखळच्या नाक्यावर बंद पडला होता, आणि मुरुडच्या बँकेच्या पायरीवरून तो ड्रायव्हरला कुठला नट किती सैल करायचा ते हातवारे करून सांगत होता. ते हातवारे ड्रायव्हरला दिसत नाहीत हे त्याच्या कधी लक्षात येत नसे. बापही तसाच होता. दार काचेचं होतं आणि बंद होतं. त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. सखुबाईनं पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली आणि खुर्चीत थोडी पुढे सरकून बसली, कारण आता जे काय बोलायचं ते हळू बोलावं लागणार होतं.

मुलीचं नाव अमिषा. बाजारपेठेतल्या कापडवाल्यांची नात. तिच्या आजोबांच्या दुकानातून सखुबाईनं हितेशच्या शाळेच्या चड्ड्यांचं खाकी कापड घेतलेलं. हे सखुबाईला आठवत होतं आणि अमिषाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. बँकेत ती नवीन होती आणि खातेदारांचे नंबर तपासायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. केवायसी नव्यानं करा, नाहीतर खातं बंद पडेल, असं पत्र आलं म्हणून ही मायलेकरं सकाळीच येऊन बसली होती. यंत्रावर अंगठा चौथ्या खेपेला उमटला. आधी मिठागरात आणि मग बर्फाच्या कारखान्याच्या दारात मासळी निवडण्यात त्या अंगठ्यावरच्या रेघा केव्हाच झिजून गेल्या होत्या. उमटला तेव्हा अमिषा "झालं एकदाचं" म्हणून हसली, आणि पडद्याकडे बघता बघता हसायची थांबली.

"काय झाला गो बाय?"

"अंगठा तुमचाच आहे. आधारचा नंबर पण तुमचाच. पण त्याला जो रेशनकार्डाचा नंबर जोडलाय ना, तो दुसरीकडेही सापडतोय. गावोगावची जुनी मृत्यूची रजिस्टरं आता कॉम्प्युटरवर चढवलीत. त्यात आहे बघा. सखुबाई बुधाजी घरत. नवऱ्याचं नाव तेच, जन्मसाल तेच, रेशनकार्डाचा नंबर तोच. मृत्यू एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर." अमिषानं आवाज आणखी खाली आणला. "मेलेल्या माणसाच्या नंबरावर खाती चालवतात लोक, आजी. म्हणून तर हे सगळे नंबर एकमेकांशी जुळवून बघायचे असतात. तुम्ही तसं करताय असं मी नाही म्हणत. पण मशीन तसं म्हणतंय."

मशीन काही खोटं बोलत नव्हतं. सगळी करणी त्या ग्रामसेवकाची. त्या दिवसांत गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं याची नोंद करायची शुद्ध कोणाला नव्हती. पण तो माणूस देशावरून आलेला, मोठा नेटका, कानावर पेन्सिल ठेवून खाजणाच्या बांधावरून चपला हातात घेऊन चालणारा. सखुबाईनं त्याला नंतर पाहिलं होतं. मयताच्या नावापुढे रेशनकार्डाचा नंबर लिहायला त्याला कोणी सांगितलं नसणार. त्यानं आपला लिहून ठेवला, वळणदार अक्षरात, आणि बदली होऊन निघून गेला. तहसीलदाराच्या कचेरीत मात्र त्या नंबरावर सखू जिवंतच राहिली, दरमहा साखर आणि रॉकेल उचलत राहिली. मग मतदार यादीत गेली, फोटो लावून गेली, आधारच्या वेळी डोळे मोठे करून यंत्रात बघून आली. इतकी वर्षं हे दोन कागद एकमेकांना भेटले नव्हते. आज भेटले, तेही नेमके हितेश दोन हातांच्या अंतरावर उभा असताना.

बुधाजीची पहिली बायको सखू कसल्याशा तापात तीन दिवसांत गेली होती, आणि चार महिन्यांनी त्याच घरात येसू नवरी होऊन आली. येसू धरमतरच्या खाडीपलीकडची. एकोणीस वर्षांची, अंगानं दणकट, चिखलात मांडीपर्यंत रुतूनसुद्धा हातातली चिंबोरी न सोडणारी. लग्न साधंच झालं, दारातल्या मांडवात, वाजंत्र्याशिवाय; बिजवराच्या लग्नात कोण वाजंत्री लावतं. लग्नाची गाणी, धवले, गायला मात्र धवलारीण आली होती. लग्न लागल्यावर तांदळाचं ताट पुढे आलं. नवऱ्यानं अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं, आणि धवलारणीनं ते गाण्यात गुंफून सगळ्यांना ऐकवायचं. येसूच्या बरोबरीच्या पोरींना बरी बरी नावं मिळाली होती, कोणाला सुनंदा, कोणाला रेखा. तिला मनातून सुलोचना हवं होतं. बुधाजी चौथी शिकलेला. त्यानं सावकाश तीन-चार वळणं काढली आणि हात मागे घेतला. येसूला वाचता येत नव्हतं. तिला तांदळात नुसत्या वाटा दिसल्या. धवलारणीनं शेजारणीला विचारलं, शेजारणीनं तिच्या कानात सांगितलं, आणि म्हातारी गाताना थांबली. मग सासू तोंडात पदर कोंबून रडायला लागली, आणि येसूला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी चुकलं.

रेशनकार्ड बदलायला पेणला चार खेपा घालाव्या लागतात, बुधाजी लोकांना सांगत असे, त्यापेक्षा नावच तेच ठेवलं. लोक हसायचे. बुधाजीला हसवून विषय बदलायची कला होती. खरं कारण येसूला पहिल्याच संध्याकाळी कळलं. दोन वर्षांचं एक पोर, कमरेला करगोटा, नाक वाहतंय, घरातून अंगणात आणि अंगणातून घरात भिंतीला धरून फिरत होतं आणि हाका मारत होतं, "सखू, ए सखू." आईला ते आई म्हणत नव्हतं. घरात सासू, नणंदा, शेजारीपाजारी सगळेच तिला सखू म्हणायचे, म्हणून तेही सखूच म्हणायला शिकलेलं. चार महिने ते असं हाका मारत होतं आणि चार महिने त्या घरातलं प्रत्येक माणूस कान बंद करून बसलं होतं. येसू चुलीपाशी नवीन हिरव्या लुगड्यात अवघडून बसली होती. पोर उंबऱ्यात आलं आणि अंधारात बघून म्हणालं, "सखू?" बुधाजी दारात उभा होता. नुसता तिच्याकडे बघत राहिला. येसू म्हणाली, "ओ." बस्स, एवढंच. पोर आलं आणि मांडीवर चढून बसलं, आणि त्याला मांडी वेगळी लागली असणारच, कारण थोडा वेळ ते तिचा चेहरा हातानं चाचपत राहिलं. पण झोपलं तिथंच.

गावात असली गोष्ट लपत नाही. पाच-सहा वर्षांचं झालं की कोणीतरी बाई ओट्यावर बसून पोराला प्रेमानं सांगणारच. म्हणून बुधाजीनं वेळेवर मिठागर सोडलं आणि मुरुडला बर्फाच्या कारखान्यात लागला. मिठातला माणूस बर्फात गेला, असं म्हणत तिथंही तो लोकांना हसवत राहिला. मुरुडला कोणाला सखू कोण आणि येसू कोण याचं देणंघेणं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव सखुबाई, मार्कशीटवर सखुबाई, ट्रकच्या कागदांना लावलेल्या फॉर्मावर सखुबाई. खोटं एकही अक्षर नव्हतं. लग्नानंतर आठवड्याभरातच कधीतरी हितेश सखूवरून आई म्हणायला लागला होता, आणि नक्की कुठल्या दिवशी ते लक्षात ठेवायचं राहून गेलं, याची सखुबाईला पुढे पुष्कळदा चुटपुट लागे.

"आजी?" अमिषानं हाक मारली. "ह्यात एक सोपा मार्ग आहे. कधीकधी नोंदच चुकलेली असते. एका नावाच्या दोन बाया असतात, गावात घोळ होतो. तुम्ही लिहून द्या की ती नोंद चुकीची आहे, अशी कोणी बाई वारली नाही. मी वरती पाठवते. ते नोंद रद्द करायला लावतील."

"आन दुसरा?"

"दुसरा म्हणजे, खरंच काही असेल तर ते सांगायचं. तुमचं मूळ नाव काय, हे नाव कसं आलं. तसा जबाब, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या एका माणसाची सही. घरचं माणूस चालेल." तिनं काचेबाहेर पाहिलं. "दोन्ही नाही केलं, तर मला हे फ्रॉड म्हणून पुढे पाठवावं लागेल. आजच्या आज. माझ्या हातात नाही ते."

सोपा मार्ग खरोखरच सोपा होता. दोन ओळी लिहायच्या, खाली सही करायची. सही तिला येत होती. हितेशच्याच पाटीवर ती शिकली होती, तो पहिलीत असताना, त्याचं अक्षर सुधारायचं निमित्त करून. हितेशला सांगायचं, कॉम्प्युटरची काहीतरी चूक होती, मिटली. तो म्हणाला असता, ह्यांच्या कॉम्प्युटरच्या आयचा, आणि वाटेत तिला मेदुवडा खायला घालून घरी सोडलं असतं. अशी कोणी बाई वारली नाही. सखुबाईनं हे वाक्य मनात म्हणून पाहिलं. त्या घरातल्या सगळ्या भांड्यांवर नाव घातलेलं होतं, सखुबाई बुधाजी घरत, सखूच्या माहेराहून आलेल्या तांब्यापासून ते परातीपर्यंत. आणि ती भांडी येसूच्या माहेरची नव्हती. आयुष्यभर ती स्वतःच्या नावाच्या ताटात जेवली आणि ते ताट तिचं नव्हतं. पेटीत तळाला सखूच्या दोन चोळ्या होत्या. त्या येसूला दंडात घट्ट व्हायच्या. म्हणजे ती बारीक असणार, एवढंच सखूबद्दल तिला धड ठाऊक होतं. फोटो नव्हता. बुधाजी कधी बोलला नाही आणि तिनं विचारलं नाही. पण पहिली एक-दोन वर्षं तिला त्या न पाहिलेल्या बाईचा मनस्वी राग यायचा, कारण काही चांगलं केलं तरी "सखू म्हणजे सखू" असं कोणीतरी म्हणायचं आणि ते कोणाला म्हणताहेत हे कळायचं नाही. मग येसूला मुलगी झाली, हेमाली. दवाखान्यात नर्सनं आईचं नाव विचारलं, आणि कळांच्या ग्लानीतसुद्धा तिच्या तोंडून सखूच बाहेर पडलं. तेव्हापासून राग गेला. दर भाद्रपदात अविधवा नवमीला ती एक पान जास्तीचं वाढायची. कोणाचं गं आई, असं हितेशनं एकदा विचारलं होतं, बारा-तेरा वर्षांचा असेल. घरातल्या जुन्या बाईचं, ती म्हणाली होती. त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. पान मात्र तो स्वतः उचलून कावळ्याला ठेवायला न्यायचा, आणि पुढे ट्रकवर असला तरी त्या दिवशी घरी यायचा. त्याला त्या दिवशीचे वडे आवडतात, असं ती समजत होती.

नाही, ती बाई वारली नाही असं लिहिता येणार नव्हतं. मेलेल्या बाईचं नाव घेतलं, घर घेतलं, नवरा घेतला, पोर घेतलं. निदान तिचं मरण तरी तिचं तिला राहू दे.

पण मग दुसरं नाव सांगायचं तर हितेशसमोर कसं सांगायचं? हितेशची आता स्वतःची मुलगी कॉलेजात गेली होती. केस कानांवर पांढरे झालेला बाप्या, त्याला काय सांगायचं, की बाबा रे, तुझी आई वेगळीच होती आणि ती तुला दोन वर्षांचा टाकून गेली? आणि हे आपण लपवलं कशासाठी, हा प्रश्न त्यानं विचारला नाही तरी त्याच्या तोंडावर येईलच. त्याच्यासाठी, असं ती आजवर धरून चालली होती. आता ह्या गार खोलीत, पंख्याखाली, तिला पहिल्यांदाच शंका आली की ते तसं नसेल. आपल्याला ती हाक सोडवली नाही. माणूस उपाशी असला की पानातलं दुसऱ्याचं आहे हे विसरतो, तसं आपलं झालं.

हितेश दार ढकलून आत आला. "काय आये, झाला का? म्यॅडम, अजून किती वेळ?"

"रेशनकार्डाची झेरॉक्स हवीय," अमिषा चटकन म्हणाली. "दोन प्रती. समोर मिळेल."

तो गेला. सखुबाईनं त्या मुलीकडे पाहिलं. झेरॉक्स फाइलीत आधीच लावलेली दिसत होती.

"तुमचं लग्नाआधीचं नाव काय, आजी?"

एवढी साधी गोष्ट, पण ती लगेच जिभेवर येईना. ते नाव शेवटचं कोणी उच्चारलं? आईनं. आई जावयाच्या घरी आली की जीभ चावून सखूबाय म्हणायची आणि मोरीपाशी दोघीच असल्या की येसू म्हणून घ्यायची, एकदम दोन-तीनदा, साठवून ठेवल्यासारखं. तिला जाऊनही पंचवीस वर्षं झाली. नंतर ते नाव घेणारं जगात कोणी उरलं नव्हतं. सखुबाईला खाडी दिसली. ओहोटी लागलेली, चिखलावर निवट्या मासोळ्या उड्या मारताहेत, उन्हानं पाण्याची कड चमकते आहे, आणि सात-आठ पोरी गुडघाभर चिखलात पसरल्यात. भरती फिरली की बायका बांधावर उभ्या राहून आपापल्या पोरींना हाका मारायच्या, हात तोंडाभोवती धरून, नावाचं शेवटचं अक्षर लांबवत. सगळ्या हाका एकमेकींत मिसळायच्या आणि तरी प्रत्येक पोरीला आपली तेवढी नेमकी ऐकू यायची. पाय काढताना चिखल पोटऱ्यांना ओढून धरायचा. पाठीमागे पाणी यायचा आवाज, पुढे बांधावर आई, आणि हातात चार चिंबोऱ्या दोरीत बांधलेल्या. त्या पोरीचं पुढे काय झालं, असा विचार सखुबाईनं कधी केला नव्हता. ती पोर मेली म्हणून कोणी ग्रामसेवकानं नोंद केली नव्हती, आणि जिवंत आहे म्हणूनही नाही. तिच्या नावानं जगात एक नंबरसुद्धा नव्हता.

"येसू," ती म्हणाली. आवाज घोगरा आला म्हणून पुन्हा म्हणाली, "येसू कान्हा भोईर."

मग तिनं सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. आयुष्यभर पोटात ठेवलेली गोष्ट समोरचं झेरॉक्सचं दुकान गाठून परत यायच्या आत सांगून होते, याचं तिलाच नवल वाटलं. अमिषाची बोटं कीबोर्डवर हळू चालत राहिली. शेवटी सखुबाई म्हणाली, "त्याला न्हाय म्हाईत. त्याला दाखवू नको, बाय. दुसऱ्या कोनाची सही चालत आसल तर मी शोधून आनते."

"कोणाची आणाल, आजी? तेव्हाचं कोण आहे?"

खरंच कोणी नव्हतं. सासू गेली, नणंदा गेल्या, बुधाजी जाऊन सहा वर्षं झाली. येसूला येसू म्हणून ओळखणारं कोणी उरलं नव्हतं, आणि येसूची सखू होताना ज्यानं पाहिलं असं एकच माणूस हयात होतं. ते तेव्हा दोन वर्षांचं होतं आणि आता काचेचं दार खांद्यानं ढकलत आत येत होतं.

अमिषानं छापलेला कागद तिच्याकडे सरकवला. सखुबाईनं वरची ओळ एकेक अक्षर लावत वाचली: येसूबाई कान्हा भोईर, लग्नानंतरचे नाव सखुबाई बुधाजी घरत. ते नाव लिहिलेलं ती पहिल्यांदाच बघत होती. हितेश शेजारच्या खुर्चीत बसला, झेरॉक्स टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "सही कुठं करायची?" ती बोलायला गेली. "हितेश, आधी मना तुला एक सांगायचा हाय," एवढंच म्हणाली. त्यानं कागद स्वतःकडे ओढून घेतला.

तो वाचत होता. त्याला वाचायला नेहमीच वेळ लागे, ओठ हलवत वाचायची त्याची सवय. सखुबाई त्याच्या ओठांकडे बघत राहिली. ते पहिल्या ओळीवर थांबले नाहीत. दुसऱ्या परिच्छेदावरही थांबले नाहीत, जिथं सखुबाई घरत यांचे निधन असं लिहिलं होतं. त्यानं शर्टाच्या खिशातून पेन काढलं, टोपण दातांत धरलं आणि खालच्या भागातले रकाने भरायला लागला. ओळख पटवणाऱ्याचे नाव. वय, अठ्ठेचाळीस. अर्जदाराशी नाते, आई. शेवटचा रकाना होता, अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता. तिथं त्यानं आकडा लिहिला आणि खाली सही ठोकली.

अमिषानं कागद उचलून एकदा वरून खाली पाहिला आणि तिची भुवई वर गेली. "इथं शेहेचाळीस लिहिलंय तुम्ही. मुलगा आहात ना? मग जन्मापासून लिहायचं असतं."

"बरोबर हाय ते, म्यॅडम," हितेश म्हणाला, आणि आईकडे न बघता तिच्या मांडीवरची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. "आई आली तवा मी दोन वर्सांचा व्हतो."